मांडव चुकलेला इंजिनियर

याव अडुसेईचा नशिबावर काडीचा विश्वास नव्हता. ही गोष्ट तो विचारणाऱ्याला सांगायचाच, न विचारणाऱ्यालाही सोडायचा नाही. तीस वर्षं त्यानं कुमासी शहराच्या आसपास नद्या-ओढ्यांवर पूल बांधले होते, आणि त्यातला एकही अजून पडला नव्हता. "पूल नशिबानं उभा राहत नाही आणि माणूसही नाही," असं म्हणून तो बोट वर करायचा. ऐकणारा "खरंय इंजिनियर" म्हणून काढता पाय घ्यायचा. त्याची बायको आचिया मात्र जागची हलायची नाही, कारण खरी हकिगत तिला ठाऊक होती.

त्याच्या जुन्या शाळेचं पत्र आलं तेव्हा तर त्याला आभाळ ठेंगणं झालं. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे म्हणून यावं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना 'करिअर कसं घडवावं' यावर चार शब्द सांगावेत, असं मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलं होतं. चार शब्दांची यावनं सतरा पानं केली. एका दुपारी आचिया ओसरीवर फुफूच्या कांडलेल्या गोळ्यांसाठी कच्ची केळी सोलत बसली होती, तिच्यासमोर खुर्ची ओढून त्यानं वाचायला सुरुवात केली.

"करिअर हा एक पूल आहे. आधी पाहणी करावी, मग पाया घालावा, मग खांब, आणि शेवटी वरचा रस्ता. यात योगायोगाला जागा नाही."

"छान लिहिलंय," आचिया म्हणाली. "आणि तो जुआबेनचा मांडव कितव्या खांबात बसवलाय?"

यावनं कागद खाली ठेवले. "तो विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा, अहो इंजिनियर? पोरं विचारणार, नोकरी लागली कशी. तेव्हा काय सिमेंटचं प्रमाण सांगणार?"

यावनं कागद पुन्हा सारखे केले. लग्नाच्या पहिल्या वर्षी, बायकोवर छाप पाडायची सोडून, त्यानं तिला सगळं खरं सांगून टाकलं होतं, आणि त्याची फळं तो आजतागायत भोगत होता.

झालं होतं ते असं. एकतीस वर्षांपूर्वी याव चोवीस वर्षांचा होता, इंजिनियरिंगची पदवी घेऊन वर्षभर मामाच्या घरी बसून खात होता. त्यांच्यात मामाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. एक दिवस मामा म्हणाला, "जुआबेनला लाकडाच्या गिरणीवाले बोन्सू शेठ गेले. शनिवारी मयत आहे. आता कारभार मुलाकडे जाणार, आणि त्या मुलाला यंत्रांतलं ओ का ठो कळत नाही. तू जा, मांडवात बस, रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली दे, भोंग्यावर तुझं नाव इंजिनियर म्हणून पुकारलं गेलं पाहिजे. पुढचं मी बघतो." योजना अगदी चोख होती. वाक्यसुद्धा मामानं पाठ करून घेतलं होतं. अंगावर गुंडाळायला स्वतःचं काळं कापड दिलं. मामा होता सव्वासहा फूट, त्यामुळे ते कापड यावच्या मागे हातभर लोळत होतं. आणि कापडाच्या आत यावनं आपली फुटबॉलची अर्धी चड्डी घातली होती, लाल, मागच्या बाजूला पांढरा नऊचा आकडा. आतलं कोण बघणार आहे, असा त्यानं विचार केला.

मामाच्या योजनेत एकच गोष्ट राहून गेली होती. त्या शनिवारी जुआबेनच्या मैदानावर दोन मयतं होती.

याव फाट्यावर उतरला तोच काळ्या कपड्यातल्या एका दणकट बाईनं त्याचं कोपर धरलं. "आलास का बाळा? ये, असा इकडून ये." इतक्या मायेनं कुणी बोलावलं की माणूस पाटी वाचत बसत नाही. तो तिच्यामागून मांडवात शिरला, रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून ओळीतल्या सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, आणि येण्याचं कारण विचारल्यावर पाठ केलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हणून टाकलं, "शेकडो झाडं लोळवणारे, अख्ख्या गावाला पोसणारे आपले वडील गेले, त्यांना निरोप द्यायला मी आलो आहे."

ओळीतलं कुणी हललं नाही. मधे बसलेला एक किडकिडीत माणूस क्षणभर थांबून म्हणाला, "तुझे शब्द पोचले." बाटली घेतली गेली. भोंग्यावर "इंजिनियर याव अडुसेई, श्नॅप्सची एक बाटली" असं पुकारलंही गेलं. मग यावनं मान वर करून फुलांमधल्या फोटोकडे पाहिलं. फोटोत जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक वाळकी म्हातारी होती.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बँड सुरू झाला. तिथं चार मांडव होते, मोटारींची रांग होती, आणि बोन्सू शेठचा पुरुषभर उंचीचा फोटो इथूनही दिसत होता. याव मांडव चुकला होता. हळूच सटकावं म्हणून तो उठायला गेला, तर कापड येईना. ती दणकट बाई शेजारी येऊन बसली होती, तिच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मामाच्या कापडाच्या टोकावर बरोबर रोवला गेला होता, आणि बाईंना झोप लागली होती. उठलं तर कापड मागे राहणार आणि नऊ नंबर सगळ्या मयताला दिसणार. याव बसला. दुपारी बारापासून पाच वाजेपर्यंत तो त्या अनोळखी म्हातारीसाठी बसून राहिला, आणि गेलेल्या नोकरीच्या दुःखानं त्याच्या डोळ्यांतून खरोखरचं पाणी आलं.

संध्याकाळी त्या किडकिडीत माणसानं त्याचे दोन्ही हात धरून नाव-पत्ता विचारला. त्याचं नाव क्वाबेना ओबेंग. तो रस्ते खात्यात इंजिनियर होता. वरिष्ठांशी भांडण झाल्यामुळे त्याला गोदामात नटबोल्ट मोजायला बसवलं होतं, आणि त्याच्या आईच्या मयताला खात्यातलं काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. वर्षभरानं ते वरिष्ठ बदलून गेले, ओबेंग साहेबांच्या हाती पुलांचा विभाग आला, आणि त्यांनी सही केलेलं पहिलं नेमणूकपत्र यावच्या नावाचं होतं. बोन्सू शेठच्या मुलांची तोवर आपसात जुंपली होती आणि गिरणीला टाळं लागलं होतं.

तेव्हापासून दरवर्षी ओबेंग साहेबांच्या आईच्या स्मरणदिनाला यावला पहिल्या रांगेत बसवायचे. साहेब दरवर्षी उठून सांगायचे, "त्या दिवशी कुणी आलं नाही, हा आला." आणि याव दरवर्षी मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, याला गहिवरून येतं.

आता हे सगळं पुन्हा वर येण्याचं कारण असं, की समारंभाच्या दोन दिवस आधी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "आनंदाची बातमी आहे. अध्यक्ष म्हणून ओबेंग साहेब यायला तयार झालेत. चौऱ्याऐंशी वय, पण तुमचं नाव ऐकलं आणि लगेच हो म्हणाले. त्यांच्या थोरल्या बहिणीही येणार आहेत, पोकुआ आत्या." याव "फार छान" म्हणाला आणि ताटावरून उठला.

"सांगून टाका एकदाचं," आचिया म्हणाली.

"काय सांगू? त्यांच्या आईसाठी सगळ्या जगातून एक परका माणूस आला, आणि तोही मांडव चुकून आला, असं सांगू? ज्या माणसानं मला उभं केलं त्याच्याजवळ तेवढी एकच गोष्ट आहे, आचिया. ती मी काढून घेऊ?"

आचियानं यावर टोमणा मारला नाही. तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं, आणि समारंभाला सूट घालायचा नाही, चांगलं हातमागाचं केंटेचं कापडच गुंडाळायचं, एवढं बजावलं.

समारंभाच्या दिवशी व्यासपीठावर त्याच पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. मधे ओबेंग साहेब, त्यांच्या शेजारी काठी टेकून पोकुआ आत्या, आणि आत्यांच्या शेजारी याव, सोनेरी-हिरव्या कापडात. आत्यांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि डोळे मिटले. याव बोलायला उठला. पाहणी झाली, पाया झाला, तिसऱ्या खांबापर्यंत पोरांनी कार्यक्रमपत्रिकांचे पंखे करून वारा घ्यायला सुरुवात केली. तरी त्यानं सतरा पानं पुरी केली. टाळ्या पडल्या, सुटकेच्या टाळ्या असतात तशा.

"कुणाला काही विचारायचंय?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

मागच्या बाकावरून एक उंच मुलगी उठली. हातात वही होती. "सर, मी सेरवा. पाहणी आणि पाया कळला. पण तुम्हाला पहिली नोकरी कशी लागली? कारण माझ्या दादानं सगळी पाहणी केलीय, पदवी घेतलीय, एकशे चौदा अर्ज पाठवलेत, आणि तीन वर्षं घरी बसलाय. त्याचं नेमकं काय चुकतंय?"

सभागृह हसलं, पण मुलगी हसली नाही. यावनं पाणी प्यायलं. त्याला काही सुचायच्या आत ओबेंग साहेबांनी माईक आपल्याकडे ओढला.

"ते मी सांगतो," साहेब म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा माझे दिवस वाईट होते. मांडव रिकामा होता. आमच्यात रिकामा मांडव म्हणजे काय, हे तुम्हा पोरांना सांगायला नको. हा मुलगा ना ओळखीचा ना पाळखीचा, आला आणि माझ्या आईपाशी पाच तास बसला. रडला. त्याच दिवशी मी ठरवलं, माझ्या हातात कधी काही आलं तर पहिलं याला."

आता टाळ्यांनी छप्पर दणाणलं. झालं होतं, सुटला होता तो. फक्त खाली बसायचं बाकी होतं. पण सेरवा उभीच होती.

"म्हणजे चांगल्या मनानं जायचं आणि शेवटपर्यंत बसायचं?" तिनं विचारलं.

"बरोबर," साहेब म्हणाले, आणि ती ते वहीत लिहून घ्यायला लागली.

ते लिहिणं यावला बघवेना. नकाशावर एक आकडा चुकीचा गेला तर त्याला आठवडाभर अन्न गोड लागायचं नाही, आणि इथं एक मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत चुकीचा आकडा घरी घेऊन चालली होती. त्या आकड्याच्या भरवशावर तिचा दादा उद्या गावोगावची मयतं पालथी घालेल.

"थांब, लिहू नकोस," याव म्हणाला. "साहेब, मला माफ करा. मी चुकून आलो होतो. मला बोन्सू शेठच्या मयताला जायचं होतं, नोकरी मागायला. मी मांडव चुकलो."

तिसऱ्या रांगेत आचियानं हातातली पर्स घट्ट धरली. ओबेंग साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"अरे बाबा, माझी आई केंके विकायची, मक्याचे उकडलेले गोळे. तिनं जन्मात एक झाड तोडलं नाही. शेकडो झाडं लोळवणारे वडील म्हटल्यावर मला कळायला नको?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू उठून गेला असतास." साहेब पोरांकडे वळले. "आम्ही घरचे नऊ जण होतो. त्या दिवशी ही माझी बहीण फाट्यावर उभी राहून, दिसेल त्या काळ्या कपड्यातल्या माणसाला आमच्या मांडवात आणत होती. चौदा जण आणले तिनं. बँड वाजला आणि एकेक करून तेरा गेले. हा राहिला. तू आलास कसा याच्याशी मला काय करायचंय, याव? तू राहिलास, ते मी धरून आहे."

यावच्या छातीवरचं एकतीस वर्षांचं ओझं उतरलं. पण पुरतं उतरेना. इथं थांबला असता तर सगळं गोड झालं असतं, आणि कुठल्याही शहाण्या माणसानं इथंच थांबावं. याव शहाणा नव्हता, इंजिनियर होता. अर्धं मोजमाप त्याला देता येत नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "मी राहिलो नाही. माझं कापड आत्यांच्या खुर्चीखाली अडकलं होतं. त्यांना झोप लागली होती. आणि कापडाच्या आत मी फुटबॉलची चड्डी घातली होती, म्हणून मला उठता येईना."

सभागृह फुटलं. पोरं बाकांवर हात आपटून हसली, मुख्याध्यापिका बाईंनी तोंडाला रुमाल लावला, आचियानं तोंड पर्समध्ये घातलं. हसले नाहीत ते फक्त ओबेंग साहेब. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, आणि ते एकदम चौऱ्याऐंशी वर्षांचे दिसायला लागले. यावला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. कुणाला काय हवं होतं हे मोजमाप? त्यानं एका म्हाताऱ्या माणसाच्या आईचा मांडव पुन्हा रिकामा करून टाकला होता.

"झोप कुणाला लागली होती?" पोकुआ आत्या म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले नव्हते आणि माईकही घेतला नव्हता, पण अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही तो आवाज फाट्यापर्यंत ऐकू गेला असता.

"पाच तास कोण झोपतं मयतात? गुडघे मोडून आले होते माझे. क्वाबेना, तू आईच्या पायाशी रडत बसलास. मांडव कुणी सांभाळायचा होता? आणलेली माणसं वाळूसारखी निसटत होती. मग मी खुर्ची घेऊन हिंडले. एकाच्या कापडावर बसले, तो फाडून पळाला. दुसरा कापड तिथंच टाकून गेला. ते अजून आपल्या पेटीत आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलंय. मग या पोरापाशी बसले. दोनदा हळूच ओढून पाहिलं यानं. मी दोन्ही वेळा जोर दिला." आत्यांनी आता एक डोळा उघडून यावकडे पाहिलं. "हा लाजला. लाज होती याला. म्हणून राहिला."

ओबेंग साहेब बहिणीकडे बघतच राहिले. "एकतीस वर्षांत मला कधी बोलली नाहीस, अक्का."

"बोलले असते तर याला नोकरी दिली असतीस?"

साहेबांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग धक्क्यानं आत्यांची काठी खाली पडली, मग ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी आत्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. "आईला सांगितलं पाहिजे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आईला हे सांगितलं पाहिजे."

याव सतरा पानं हातात घेऊन उभा होता. जन्मभर ज्या एका गोष्टीला तो मनातल्या मनात योगायोग म्हणत आला, लपवत आला, ती योगायोग नव्हतीच. पाहणी होती, पाया होता, भार कुठं द्यायचा याचा हिशेब होता. फक्त इंजिनियर तो नव्हता. इंजिनियर शेजारी बसली होती, आणि तिनं कुठली पदवी घेतली नव्हती.

"सर," सेरवा अजून उभीच होती, पेन वहीवर टेकवून. "मग मी काय लिहू?"

"लिही, सरांना माहीत नाही," याव म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुझा दादा कुठं असतो?"

"आत्ता? शाळेच्या फाटकाबाहेर. मला न्यायला आलाय."

"त्याला आत बोलाव. एक खुर्ची टाका रे इथं, माझ्या शेजारी. आणि हे बघ, जेवणं होईपर्यंत त्याला उठू देऊ नकोस. त्याला म्हणावं, सरांना पुलाच्या कामावर माणूस हवाय, पण आधी तो बसतो किती वेळ ते बघायचंय."

मुलगी वही तिथंच टाकून पळाली. तिला फाटकापर्यंत गाठावं, मुलाला आपणच हाताला धरून आत आणावं असं यावला वाटलं, आणि तो वळून चालायला लागला. दोन पावलं गेला असेल, तर खांद्यावरचं केंटेचं कापड मागून गच्च ओढलं गेलं.

त्यानं वळून पाहिलं. खुर्चीचा पाय कापडाच्या टोकावर होता. पोकुआ आत्यांचे डोळे मिटलेले होते.

"बस खाली," आत्या म्हणाल्या. "तो येईल."